उंबराच्या मुळ्या

जठारपेठेतल्या आमच्या घरचा संडास आठवडाभर तुंबला होता. सेप्टिक टँक उपसूनही फरक पडेना, म्हणून शेवटी कॅमेरावाल्याला बोलावलं. त्यानं पाइपात वायर सरकवली आणि स्क्रीन माझ्यापुढे धरला. आत मुळ्याच मुळ्या, पाइप पार भरलेला.

"अंगणातल्या उंबराच्या हायेत," तो म्हणाला. "झाड तोडा लागते, भाऊ."

म्हणे तोडा! माझ्या बाबांनी त्या उंबराला पार बांधलाय. अकोल्याच्या मे महिन्यात सगळी गल्ली वाळते, पण ते हिरवंगार राहतं. ही दत्ताची कृपा, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. दर गुरुवारी गल्लीतल्या बाया प्रदक्षिणा घालतात. आता ती कृपा कुठून येते ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि बोलायची सोय नव्हती.

"काय दिसून राह्यलं रे तुले?" बाबांनी पारावरूनच विचारलं.

"कचरा हाय, बाबा."

नेमका गुरुवार होता. पूजा आटोपून त्यांनी प्रसादाचं पिकलं उंबर माझ्या तळहातावर ठेवलं आणि मी तोंडात टाकेपर्यंत समोरून हलले नाहीत.

गोड होतं लेकाचं.