निकम सरांची दोरी

निकम सर गेल्याचं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी गंगापूर रोडच्या स्केटिंग रिंकवर मुलींचा सराव घेत होते. “सकाळी चहा घेतला, नि गेले गं...” एवढंच त्या बोलल्या. त्याला आता सात आठवडे झाले.

फिगर स्केटिंग म्हटलं की लोकांना बर्फ आठवतो. आमच्या वाट्याला काँक्रीट आणि चाकं. सर मूळचे चांदवडचे, शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि भल्या सकाळी रिंकवर गुडघे टेकून खडूनं वर्तुळं आखायचे. त्यांची एक सुतळी होती. एका टोकाला खिळा, आणि पुढे प्रत्येक मुलाचा वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. ज्याची जितकी उंची, तितकं त्याचं वर्तुळ मोठं. दिवाळीची सुट्टी संपली की सर सगळ्यांना भिंतीला उभं करून मोजायचे आणि दोरे पुढे सरकवायचे. माझा तांबडा. वर्तुळावरून चाक ढळलं की पुन्हा पहिल्यापासून. उडी शिकवा म्हटलं की ठरलेलं उत्तर, “लय घाई झालीय का? आधी रेघ धर.”

आठ वर्षं रेघ धरली. चौदाव्या वर्षी मी शनिवार-रविवारी पुण्याच्या कोचकडे जायला लागले. ते बरोबरच केलं, आजही तेच करीन. हवेत दोन फेऱ्या घ्यायची उडी सरांना शिकवता येत नव्हती, आणि ते तसं कबूलही करत नव्हते. चुकलं ते पुढचं. सरांसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. दसऱ्याच्या सुमाराला बाबांनी मेसेज टाकला, ‘अभ्यासामुळे काही दिवस येणार नाही.’ हिवाळ्यातल्या स्पर्धेत सरांनी मला नव्या क्लबच्या जॅकेटमध्ये पाहिलं आणि तोंड फिरवलं. मग अकरा वर्षं आम्ही एकमेकांना टाळलं. एकाच शहरात हे जमवायला दोघंही हट्टी लागतात. आम्ही होतो.

सर आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी गेले. पलंगाशी बसून म्हटलं, “सर, मी तेव्हा खोटं सांगितलं.”

“ठाऊक हाय,” ते म्हणाले. “गेलीस त्याचं काय नाय गं. मला येत नव्हतं ते मला कळत होतं. पण दिवाळीनंतर मी दोरी घेऊन बसलो होतो... म्हटलं, अभ्यास असला तरी उंची द्यायला येईल.”

मला रडू आवरेना. त्यांनी काकूंना दोरी आणायला सांगितली. “रडती काय, भिंतीला उभी राहा.” काकूंनी उंची घेतली आणि सरांनी तांबडा दोरा पुढे सरकवला. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

दहाव्याला काकूंनी ती सुतळी माझ्या हाती दिली. आता वर्तुळं मी तिनंच आखते.

मागच्या आठवड्यात माझी विद्यार्थिनी सई, अकरा वर्षांची, बुटांची नाडी सोडता सोडता म्हणाली, “ताई, आई तुम्हाला मेसेज करणार आहे. आम्ही पुण्याच्या सरांकडे...” खरं सांगते, मला रागच आला. पाच वर्षं हिच्यामागे मी ओरडले होते. मी कपाटातून सुतळी काढली.

“मेसेज नको. तू सांगितलंस ना, झालं. भिंतीला उभी राहा.”

तिचा निळा दोरा बोटभर पुढे गेला.

“दिवाळीनंतर उंची द्यायला यायचं,” मी म्हटलं. “कुठंही शिकत असलीस तरी.”