वैशालीला सांगितलेलं खोटं

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सोबत शिकवणाऱ्यांजवळ नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट सांगता येणार नाही. सांगून हलकं वाटेल म्हणावं, तर आत काही जड आहे असंही जाणवत नाही. जाणवायला हवं होतं, एवढंच कळतं.

मी सोलर पॅनल बसवायला शिकवतो. चिकलठाण्याला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचं केंद्र आहे. पैसा सरकारचा, चालवणारी संस्था खाजगी. दारावरच्या फलकावर ‘हरित रोजगार’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वायरिंग, जोडणी, बेल्ट लावून पत्र्यावर कसं चालायचं — हे सगळं माझ्याकडं. काम मला आवडायचं.

एका वर्षी वरून सूचना आली, बायकांनाही घ्या. जागा राखून ठेवल्या. मग मी गावोगाव हिंडलो, आणि तसाच करमाडला वैशालीच्या घरी गेलो. नवरा शेंद्र्याच्या कंपनीत, एक लहान मुलगी, घरात सासूचा शब्द चालायचा. सून लोकांच्या छतांवर चढणार म्हटल्यावर गाव काय म्हणेल, असं सासूनं विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं — शिकली की नोकरी पक्की, माझा शब्द. कुणाच्या भरवशावर दिला तो शब्द? एका खात्यानं शिकवायचं ठरवलं होतं. शिकलेल्या बाईला कामावर कोण घेणार, हे कुठल्याच खात्यानं कुणाला विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

बाकीच्या बायका मधेच गळाल्या. वैशाली राहिली. पोरं शिडीच्या मधल्या पायरीवर थबकायची, तेव्हा ही वर पोचून त्यांना हाका मारत असायची. पत्र्याच्या कडेला बसून नट आवळायची आणि खाली रस्त्यावरून कोण चाललंय ते आम्हाला सांगायची. जवळच्या विमानतळावर विमान उतरायला लागलं की हातातलं काम सोडून उभी राहायची, ते टेकेपर्यंत बघायची. बेल्ट लावलेला असायचा, तरी मीच खालून ‘बस खाली’ म्हणून ओरडायचो. असं शिकणारं माणूस मला पुन्हा मिळालं नाही.

शेवटी ठेकेदार आला, माणसं निवडायला. त्यानं सगळ्यांचं काम बघितलं, तिचंही बघितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाया वर नको, सर. काही झालं तर निस्तरायचं कुणी? पोरं सगळी घेतो.” आमचे संस्थाचालक शेजारीच उभे होते. पोरं कामाला लागल्याशिवाय सरकारकडून शेवटचा हप्ता सुटत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी भांडू शकलो असतो. निदान वर कळवू शकलो असतो. मी मान हलवली.

पण इथवर तर — कुणीही हलवली असती, असं तुम्ही म्हणाल. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

तिला सांगायचं राहिलं होतं. खरं तर एका वाक्याचं काम होतं. ठेकेदार बाया घेत नाही — बस. पण मग करमाडला दिलेला माझा शब्द पोकळ ठरला असता. सासू म्हणाली असती, सर फसवून गेले. एवढीच भीती. इतकी लहान. त्यापायी मी काय केलं?

ती शेडमागं लिंबाखाली डबा उघडून बसली होती. मी म्हणालो, “वैशाली, वर गेल्यावर तुझे हात थरथरतात. तुला उंचीची भीती आहे. ह्या कामात जीव जाईल तुझा.”

तिनं हात समोर धरले. उलटेपालटे करून बघितले.

“व्हय सर? मला तर कधी कळलं नाय.”

“ज्याचं त्याला कळत नसतं,” मी म्हणालो.

तिनं वाद घातला नाही. मी शिकवणारा होतो, कशाला घालेल? तिच्या नवऱ्याला फोनही मीच केला आणि हेच सांगितलं. तो म्हणाला, बरं झालं सर, वेळेवर सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली. चांगली लागली.

मधे वर्षं गेली. परवाच्या उन्हाळ्यात करमाडला एका घरावर पॅनल बसले, बसवणारी पोरं माझ्याच हाताखालची, म्हणून बघायला गेलो. घर वैशालीचं निघालं. नवं, स्लॅबचं. सासू आता नाही, नवरा ड्युटीवर गेलेला. मी लोखंडी शिडीनं वर गेलो आणि काय बसवलंय ते बघायला तिला वर बोलावलं. का बोलावलं? कदाचित मी काही मोडलेलं नाही, एवढं बघून घ्यायचं होतं.

ती दोन पायऱ्या चढली आणि थांबली. गज धरलेले हात थरथरत होते. खरंच थरथरत होते. मी वरून बघत होतो.

तिची मुलगी आता मोठी झालीय. ती हसून म्हणाली, “आई स्टुलावर पण चढत नाय, सर. माळ्यावरचं सगळं पप्पाच काढतात.”

वैशाली खाली उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि वर बघून म्हणाली, “तुम्हीच ओळखलं होतं सर. नायतर कवाच पडले असते मी.”

तेव्हा सांगता आलं असतं. ठेकेदार नव्हता, संस्थाचालक नव्हते, सासूही नव्हती. मी वाकून वायरचे जोड तपासले. ते नीट होते, तरी पुन्हा तपासले. मग उतरायला लागलो. मी जमिनीवर येईपर्यंत तिनं खालून दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली.

“सावकाश, सर,” ती म्हणाली.

मी सावकाश उतरलो.