सुतकातली मेस

सुरतेत कोणी भेटलं की आधी ‘धंधापाणी केम छे’ विचारतात, मग तब्येत. इथे त्या शब्दाला मान आहे. आमच्या खान्देशी घरात मात्र धंदा ही जवळजवळ शिवीच. ‘रिकामे धंदे’, ‘नसते धंदे’, ‘काय धंदे लावलेत रे!’ हेच ऐकत मी वाढले. शाळेतल्या बाईंनी एकदा सांगितलं होतं, हा शब्द द्वंद्वावरून आला असं काही जाणकार मानतात. खरंखोटं देव जाणे, मला ते तेव्हाच पटलं.

लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. वडील खात्यात कामाला होते, आणि तिथल्या एकट्या राहणाऱ्या माणसांना आई डिंडोलीतल्या आमच्या खोलीत जेवू घालायची. भाकरी, डाळ, ठेचा. सगळे त्याला मेस म्हणत. वडील लोकांना सांगत, ‘बायको थोडंफार रांधते.’ बायकोचा धंदा आहे म्हणायची त्यांना लाज वाटायची. पुढे छातीच्या दुखण्यानं खातं सुटलं, सगळं घर तिच्या तव्यावर आलं, तरी आपलं ‘थोडंफार रांधते’च! आयतं खायची लाज नाही वाटली कधी.

मागच्या हिवाळ्यात ते पहाटे गेले. दुपारपर्यंत तापीकाठी सगळं आटोपलं. खांदा मेसमधल्या माणसांनीच दिला. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे शेजारणींनी कडू घास आणला, पिठलं आणि भाकरी. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि सुतक फिटेपर्यंत तिथलं अन्न बाहेरचं कोणी घेत नाही. आत्या भिंतीला टेकून रडत होती. आईनं ओले केस तसेच बांधले आणि शेगडी पेटवली.

‘हाई काय करी राहिनी तू?’ आत्या किंचाळली. ‘तुले काई वाटस का नई?’

आई पीठ मळायला बसली. मला कळत होतं. पुढच्या गल्लीत नवी मेस निघाली होती. सुतकभर तिकडे जेवलेला माणूस परत इकडे कशाला येईल? वडील गेले होतेच, मेसही गेली तर सुरत सोडावी लागणार, आणि गावी आमचं कोण बसलंय? सगळं कळत होतं, तरी तिचा भयंकर राग आला. एक दिवस तरी थांब ना गं! असं मनात म्हणत मी शेजारी बसून भाकरी थापायला लागले.

रात्रपाळीला जायच्या आधी माणसं आली, रोजच्यासारखी ओळीनं बसली. ताटं वाढली. एकानंही हात लावला नाही. आईला वाटलं होतं, सुरतेत आल्यावर भूक तेवढी खरी, सुतकबितक गावाकडेच राहिलं. साफ चुकली होती. ती सगळी आमच्याच मुलखातली माणसं. कोणाला उठवेना, कोणाला जेववेना, नुसते मान खाली घालून बसले होते.

मग आईनं एक ताट स्वतःकडे ओढलं, त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि भाकरी मोडली. घाई केली नाही. डाळ संपेपर्यंत जेवली. ताट बाजूला सारून म्हणाली, ‘जेवा भो. हाऊ मना धंदा शे.’

तिच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कोपऱ्यातल्या एकानं हळूच घास उचलला, आणि मग सगळेच जेवले.

मेस टिकली. आत्यानं गावभर केलं, नवऱ्याची राख निवायच्या आत ही भाकरी खात बसली म्हणून. करू दे. मला सलतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी ताटं होती, तिसऱ्या दिवशीही, दहाव्याला आणि तेराव्यालाही. परवा मीच तिला म्हटलं, आई, आता तरी एकदा रडून घे गं.

परातीतलं पीठ चाळत म्हणाली, ‘रडाले बसनू व्हतू मी एक दिन. रडूच येत नई.’