काट्यावरची हाक

सोमवार, जानेवारी १९९८. हजर: ऑफिसात मी आणि आमचे इंजिनिअर, गेटवरच्या वजनकाट्याला नाना, आवारापलीकडे गाठी दाबायच्या प्रेस-हाउसमध्ये शेवंताबाई आणि तिच्या हाताखालच्या बायका.

रोज सकाळी ते खुर्चीत बसायच्या आधी उभ्यानेच संगणकावर दोन शब्द टाइप करायचे, 'कोण ऐकतंय?', आणि एक बोट वर धरून थांबायचे. पलीकडे प्रेस-हाउसमध्ये संगणकाला जोडलेला भोंगा वाजायचा, शेवंताबाई पदराला हात पुसून एकच बटण दाबायची, आणि पडद्यावर उत्तर उमटायचं. "आली शेवंताबाई," म्हणत ते बोट खाली घ्यायचे. मग चहा.

आमची जळगावजवळची जिनिंग फॅक्टरी. कपाशीच्या गंजी, रुईच्या गाठी. आग हीच तिथली एकमेव भीती. प्रेसच्या आवाजात माणसाची हाक ऐकू जात नाही, म्हणून ही संगणकाची हाक. अशी जबाबदारी अंगावर ओढून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं आणि त्यांना कुणी थांबवूही शकत नाही. ते पिंपळनेरचे, रागीट. "फोन आहे की," असं मालक म्हणाले, तर हे म्हणाले, "प्रेसमध्ये कुठे आहे?"

काट्याचा जुना संगणक बंद पडला, तेव्हा त्यांनी नवा आणला. पण वजनाचा प्रोग्राम जुन्यावरच चालणारा. मग त्यांनी नव्याच्या पोटात एम्युलेटर बसवला. म्हणजे जुना संगणक असल्याचं सोंग करणारा प्रोग्राम. नानाचं वजन आणि नानाची हाक, दोन्ही त्यातूनच. शिवाय ऑफिस आणि काटा एका सबनेटमध्ये, म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या एका भागात, प्रेस दुसऱ्या सबनेटमध्ये. एका सबनेटमध्ये सगळ्यांना दिलेली हाक मधला राउटर, दोन भाग जोडणारी पेटी, दुसरीकडे सोडत नाही. म्हणून काट्याच्याच नव्या संगणकावर त्यांनी एक छोटा प्रोग्राम ठेवला. इकडची हाक ऐकायची, तीच पलीकडे पुन्हा द्यायची, तिकडची इकडे.

पहिल्याच दिवशी त्याने स्वतः दिलेली हाक स्वतःच ऐकली, पुन्हा दिली, पुन्हा ऐकली. सगळे पडदे 'कोण ऐकतंय?'ने भरले, काटा बंद, गेटबाहेर बैलगाड्यांची रांग.

"भाऊ, तुमनं मशीन सोतालेच हाका मारी ऱ्हायनं!" नाना गेटवरून ओरडला.

"मारू दे. तू कशाला मारतोस?"

संध्याकाळपर्यंत त्यांनी एक नियम घातला. ज्या हाकेवर या संगणकाचा स्वतःचा पत्ता असेल, ती पुढे द्यायची नाही. गोंधळ थांबला. दुसऱ्या सकाळी त्यांच्या टेबलावरून हाक गेली, शेवंताबाईचं उत्तर आलं. त्यानंतर रोज गेली, रोज आलं. रोज त्यांच्याच टेबलावरून.

मार्चमध्ये दुपारी गेटजवळच्या गंजीला आग लागली. नानाने काट्यावरून हाक दिली. ऑफिसातल्या संगणकाचाही भोंगा होता, तो वाजला. "पलीकडे गेली असेल," ते म्हणाले, आणि आम्ही बादल्या घेऊन गंजीकडे धावलो. वारा फिरला. प्रेस-हाउसच्या पत्र्यातून धूर निघाला, तेव्हा ते थबकले. आत प्रेस चालूच होता. ते तसेच आत घुसले. "बठ्ठा बाहेर निंघा!" त्यांच्या तोंडून अहिराणी मी त्या दिवशीच ऐकली. दाराजवळच्या बायका सुटल्या. गाठींमागच्या कोपऱ्यात होती ती शेवंताबाई. ती आतच राहिली.

"मी त हाक दिन्ही व्हती, भाऊ," नाना सारखं सांगत होता.

"दिली होतीस. ऑफिसात आली होती," ते म्हणाले.

चौकशीत वायरिंगची ठिणगी असं ठरलं. ते हातावरची पट्टी सांभाळत काट्यावरच्या संगणकापुढे बसून राहिले. मग मला बोलावलं.

"अक्का, हे बघा. एम्युलेटरमधून निघालेली हाक बाहेर पडते ती या नव्या संगणकाचाच पत्ता घेऊन. माझ्या प्रोग्रामला वाटलं, आपलीच आहे. दिली नाही पुढे."

"पण रोज तर जात होती."

"माझ्या टेबलावरून जात होती. काट्यावरून मी एकदाही देऊन पाहिली नाही."

मी म्हटलं, कुणाला कळणार आहे. ते पडद्याकडे वळले आणि नियमाची ती ओळ बदलायला लागले.

शेवंताबाईची मुलगी धरणगावला दिलेली. तिला वाटतं, भोंगा वाजला आणि आई बटण दाबायला थांबली, म्हणून गेली. कामावरच्या बायकांनीच तिला तसं सांगितलं होतं. तेराव्याला ती मला म्हणाली, "माय येडी शे मनी. पळाचं सोडीसन बटन दाबत बसनी."

हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगावं लागेल अक्का, की भोंगा वाजलाच नाही. तुम्ही सोबत चला. मी बोलतो." आम्ही रविवार ठरवला. त्या रविवारी त्यांना ताप होता. नंतरच्या रविवारी ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. धुराने छाती धरली होती. पावसाळ्याआधी गेले.

नवीन प्रेस-हाउस उभं राहिलं. नाना आता रोज सकाळी काट्यावरूनच हाक देतो, ती पलीकडे पोचते.

ते गेल्यावर राहिलेल्या कामांची मी एक यादी केली होती, तिच्यातली बाकी सगळी खोडून झाली. धरणगावला जायचं राहिलं आहे.