कुजबुजकाका नातीला शब्द पुरवतात

पडदा वर जातो. बाहेरची लहानशी खोली. भिंतीला लागून पलंग, पलंगावर उभी पाच वर्षांची ठमी, हातात अस्वलाच्या गोष्टीचं पुस्तक. समोर चटईवर प्रेक्षक: आई, बाबा आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी. दाराच्या आडोशाला, जुन्या सवयीनं अर्धे आत, अर्धे बाहेर, तिचे आजोबा.

आजोबा म्हणजे आमच्या नाटक कंपनीचे प्रॉम्प्टर. नट अडला की विंगेतून पुढचा शब्द पुरवायचा, यातच हयात गेली. आम्ही त्यांना कुजबुजकाका म्हणत असू. कित्येक राजेमहाराजांची अब्रू त्यांच्या ओठांवर तरली. टाळी त्यांच्या वाट्याला आली नाही, त्यांनी मागितलीही नाही.

काम सुटल्यावर ठमीला गोष्टी वाचून दाखवायचं लेकीनं त्यांच्यावर सोपवलं. ते वाचायचे तेही कुजबुजत. "आजोबा, कोण झोपलंय?" ठमी विचारायची. मग तीच मोठ्यानं म्हणायची, काका मागून शब्द पुरवायचे. अशी ती वाचायला शिकली. आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर एकटी वाचत होती.

"अस्वलानं दार ढकललं," ठमीनं खडा आवाज लावला. "आत काळोख. आणि काळोखात बसला होता..."

ती थांबली. एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. मावशी पुढे सरकल्या.

दारामागून आलं, "उंदीर."

मावशी फिसकन हसल्या. "घ्या, अस्वलाच्या आधी आजोबाच आत शिरले."

ठमीनं पुस्तक मिटलं. "मी अडले नव्हते," म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

काकांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. नट अडलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना नुसत्या पाठीवरून कळायचं. आणि घरच्या पोरीच्या बाबतीत धीर धरवला नाही.

"बाबा, मनाला काय लावून घेता? लहान आहे ती," लेक म्हणाली.

"म्हणूनच," काका पुटपुटले.

कंपनीत रिवाज होता. नटाच्या थांबण्यात प्रॉम्प्टरनं तोंड घातलं, तर प्रयोगानंतर रंगपटात जाऊन उभ्यानं माफी मागायची. काका आत गेले. ठमी गादीवर पालथी पडली होती. ते मान खाली घालून तिच्यासमोर उभे राहिले. मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, तरी चटईवरच्या माणसांनाही ऐकू जाईल असा आवाज काढला.

"बाईसाहेब, चूक माझी. तुम्ही थांबला होता, घाबरलो मी."