मामांचा न गाणारा वाल्व

माझ्या धाकट्या मामांइतका भेदरट माणूस आमच्या डोंगरकडा गावात तर सोडाच, अख्ख्या निजामी मुलखात सापडला नसता. ते कुत्र्याला भीत, फौजदाराला भीत, मामीला तर भीतच भीत. पण त्यांची सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे विजेचा प्रवाह कमी-जास्त होईल ही. त्यांनी स्वतः जुळवलेला कर्णा मोटारीच्या बॅटरीवर लग्नाकार्यांत वाजे. त्यात रेडिओत असतात तसे काचेच्या नळीचे चार वाल्व. तिघे आवाज वाढवत आणि चौथा नुसता बसलेला. बोलणारा कुजबुजो नाहीतर बोंबलो, त्या तिघांमधून प्रवाह एकसारखाच वाहायला हवा, एवढंच त्याचं काम. मामी म्हणे, "काहून त्या ऐतखाऊला पोसून राहिले?" मामा दबक्या आवाजात सांगत. "त्यो गात न्हाई, पण बाकीच्यांना बराबर धरून ठेवतो. त्यो नसला तर ते फाटतेत अन् जळतेत." एका वरातीत पावसाची सर आली, तर मामांनी नवरदेवाच्या डोक्यावरची छत्री हिसकून त्या वाल्ववर धरली. नवरदेव मुंडावळ्यांसकट भिजला. पण पंचक्रोशीत मामांच्या कर्ण्याचा आवाज फाटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

निजामाच्या अमलाच्या शेवटच्या पावसाळ्यात ही सगळी गंमत संपली. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरून तरणी माणसं उचलू लागल्या. गेलेला माणूस परत येत नसे. आम्ही काही जण उंच ज्वारीत जाऊन लपलो. पान हललं तरी आम्ही मातीला चिकटून पडत असू. पोटात अन्न नव्हतं, आणि घरच्यांचं काय झालं असेल या विचारानं झोपही नव्हती.

अशात एका दुपारी वेशीकडून कर्णा ऐकू आला. "गड्यांनो, घरी या. टोळी गेली. आता भ्यायचं काम न्हाई." आवाज मामांचाच. पण फाटलेला, घरघरणारा, शब्दाशब्दाला चिरकणारा.

"चला रं, सुटलो!" म्हणत माझा सोबती उठलाच. मी मात्र त्याला धोतराला धरून खाली ओढलं.

"बस खाली, मुडद्या! मामांचा कर्णा असा वाजतच न्हाई. त्यांच्या मागं कुणीतरी उभं हाय."

कर्णा थोडा वेळ कण्हला आणि गप्प झाला. आमच्यातला एकही जण बाहेर पडला नाही.

टोळी खरोखरच गेल्याचं कळलं तेव्हा मी धावत मामांकडे गेलो. त्यांचा ओठ फुटला होता, डोळा सुजला होता. पुढ्यात यंत्र उघडं पडलेलं. आवाजाचे तिन्ही वाल्व जळाले होते आणि चौथ्याला वळसा घालून एक तार थेट जोडलेली होती.

"मामा, तुमी मुद्दाम केलं?"

"छे रे लेकरा! पाठीला बंदूक लागलेली. हात थरथरले, तार चुकली."

मी तार पाहिली. तिचा पीळ कसा घट्ट आणि नेटका होता. थरथरत्या हातांना असा पीळ बापजन्मात जमायचा नाही. पण मामा आता खरोखरच लटलट कापत होते. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं, पोटभर रडायचं होतं. तोंडातून मात्र एवढंच निघालं, "मामा, जेवलात का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.