गोगलगाय जाते कुठे?

कुठली गाडी कधी सुटणार, हे बसस्थानकाच्या माइकवरून सांगण्यात आत्याची सगळी नोकरी गेली. बसायची खोली मागच्या अंगाला, बिनखिडकीची. कुणीतरी चिठ्ठी आणून द्यायचं, आत्या वाचायची. इतक्या गाड्या सोडल्या, पण सुटताना एकही पाहिली नाही. पुढे यंत्रातला आवाज आला, आत्या निवृत्त होऊन भावाकडे राहायला आली. माणसं मायेची, पण ज्याच्या त्याच्या व्यापात. कधी कधी दुपार उलटली तरी आत्याच्या तोंडून शब्द निघालेला नसे.

सुट्टीच्या एका सकाळी भाची दोन मैत्रिणींना घेऊन तिच्या खोलीत घुसली. इमारतीमागच्या ओलसर भिंतीवरच्या जिवांचे फोटो आणि व्हिडिओ जोडून पोरी फिल्म बनवत होत्या.

“आत्या, आवाज तुझा हवाय. आमचं नुसतं खिदळणंच ऐकू येतं.”

आत्याने चष्मा चढवला. मोबाइलवर एक गोगलगाय आपल्याच तोऱ्यात भिंत चढत होती.

“झकास! पण ही जाते कुठे?”

तिघी एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

“मग मी सांगू काय, कपाळ माझं? गाडी कुठे जाणार ते कळल्याशिवाय मी कधी तोंड उघडलं नाही.”

झालं! दुसऱ्या दिवशी उजाडताच वरात खाली उतरली. भाचीने स्टूल मांडलं, आत्या गुडघे सांभाळत बसली. भिंतीच्या पायथ्याशी गोगलगाय सापडली. एका मैत्रिणीने मोबाइल अगदी तिच्या नाकाशी नेला, तशी गोगलगायीने शिंगं आत ओढली.

“मागे हो गं,” आत्या कुजबुजली. “तिला तिच्या चालीने जाऊ दे.”

चौघी तिच्यावर नजर लावून बसल्या. वरून वहिनीने चहाला दोनदा हाक मारली, कुणी हललं नाही. अखेर गोगलगाय गळक्या पाइपाखाली पोचली आणि तिथलं हिरवंगार शेवाळ खरवडून खाऊ लागली.

“न्याहारीला आली होती!” भाची किंचाळली.

आत्याने तिथेच मोबाइल तोंडाशी धरला. स्थानकावरचा खणखणीत सूर तिने लावलाच नाही. जे डोळ्यांनी पाहिलं, ते शेजारी बसलेल्याला सांगावं तसं हळू सांगत गेली.

रविवारी सगळं घर फिल्म बघायला जमलं. शेवटी नावं आली. सगळ्यांत वर होतं : ‘आवाज – आत्या’. तिच्या आवाजाला आजवर कुणी नाव लावलं नव्हतं.

“तेवढं परत दाखव गं,” आत्या म्हणाली. ते पाहून झाल्यावर तिने तिघींना जवळ ओढलं. “पोरींनो, मला बोलावलंत, फार बरं केलंत.”

भाचीला त्यात विशेष काहीच वाटलं नाही. “म्हणजे काय! उद्या कोळ्याचं जाळं आहे. लवकर ऊठ हं, आत्या.”